खाल्ल्या मिठाची गाडी

माझ्या मेहुण्याला गाडी घ्यायची होती तेव्हा त्याने मला बरोबर नेलं ते मी मेकॅनिक आहे म्हणून. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या घालाल, आणि घालाव्यातच. पण गाडी आतून तपासायचा स्कॅनर माझ्या पिशवीत होता, त्याच्या नाही.

मेहुणा म्हणजे वाझा, माझ्या धाकट्या बहिणीचा, लामाराचा नवरा. राजधानीत, तिबिलिसीत टॅक्सी चालवतो. लामारा सात वर्षं इटलीत, बारी शहरात, एका म्हातारीचं करते. करते म्हणजे उठवते, बसवते, न्हाऊ घालते, रात्रीतून तीनदा तिची कूस बदलते. आमच्याकडे दर तिसऱ्या घरातली बाई अशी कुठेतरी परक्याची आई सांभाळायला गेलेली आहे, आणि घरी पुरुष तिच्या पैशांवर देश कसा सुधारावा याच्या गप्पा हाणतात. मीही हाणल्यात, खोटं कशाला बोलू?

वाझाच्या डोक्यात एक गणित होतं. फोनवरून टॅक्सी बोलावणाऱ्यांत एक वरचा वर्ग असतो. त्यांना मोठी, आवाज न करणारी, चामड्याच्या सीटची गाडी लागते आणि ते दुप्पट भाडं देतात. तशी गाडी हायब्रिड असेल, म्हणजे बॅटरीवरही चालणारी, तर पेट्रोलही निम्मं. नवी घ्यायची तर दोघांच्या किडन्या विकल्या तरी पुरलं नसतं. म्हणून जुनी, दोन लाख किलोमीटर पळालेली, अमेरिकेतून जहाजाने आलेली. ती आली की लामाराने परत यायचं, कायमचं.

"हे शेवटचे पैसे," लामारा फोनवर म्हणाली होती. "ऑगस्टला मी येते. आता माझ्या कमरेत दम नाही. जुंबेर, गाडी तू बघ. ह्याला रंगापलीकडे काही दिसत नाही."

"बघतो," मी म्हणालो. जुंबेर म्हणजे मी.

शहराबाहेर गाड्यांचा मोठा बाजार भरतो, पण वाझाला तिथे जायचं नव्हतं. "बाजारातला माणूस खोटंच बोलणार. आपण घरातली गाडी घेऊ, घरातल्या माणसाकडून." त्याने काखेतीतल्या, द्राक्षांच्या मुलखातल्या एका खेड्यातली जाहिरात शोधून काढली. मार्च महिना, द्राक्षवेलींची छाटणी चाललेली. फाटकात शाक्रो नावाचा म्हातारा उभा होता, काळा सदरा, दाढी वाढलेली. मागे अंगणात गाडी. काळी, लांबलचक, धुऊन पुसून ठेवलेली. वाझाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"सगळं बघा पोरांनो, काही लपवायचं नाही," म्हातारा म्हणाला. "पण आधी आत चला. दारात आलेला माणूस उपाशीपोटी व्यवहार करतो अशी आमच्या गावात रीत नाही."

तो आत वर्दी द्यायला गेला तेवढ्या दोन मिनिटांत मी दार उघडून डोकावलो. ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. स्टिअरिंगचं चामडं चकचकीत. ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसलेली. दोन लाखांत गाडी इतकी झिजत नाही. मागच्या सीटशेजारी एक जाळी असते, तिच्यातून बॅटरीला हवा मिळते. ती कुत्र्याच्या केसांनी गच्च भरली होती. हवा नाही म्हणजे बॅटरी तापणार, आणि तापून तापून मरणार. स्कॅनर लावला असता तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. म्हटलं, जेवण झाल्यावर लावू.

आत टेबल भरलं होतं. गरम पाव, चीज, मडक्यातला राजमा, अक्रोडाच्या रश्श्यातली कोंबडी, घरची वाईन. समोरच्या कपाटावर तिशीतल्या एका पोराचा फोटो, कोपऱ्यात काळी फीत. पहिला पेला शांततेसाठी झाला. दुसऱ्याला म्हातारा उठून उभा राहिला.

"हा माझा बाद्री. डोक्यात काहीतरी फुटलं, चार दिवसांत गेला. ही गाडी त्याने स्वतः आणली, स्वतःच्या हाताने जपली. आता ती अंगणात उभी असते आणि माझी बायको रोज संध्याकाळी जाऊन तिच्यात बसते. दार लावून घेते. मला ते बघवत नाही. म्हणून विकतोय. नाहीतर मरेपर्यंत विकली नसती."

आम्ही उठलो. मेलेल्या माणसासाठी आम्ही पावाच्या तुकड्यावर थोडी वाईन सांडतो, मग पितो. तसं केलं. वाझा रडत होता. माझेही डोळे भरले होते.

आता सांगा, त्यानंतर उठून त्या पोराच्या गाडीला यंत्र लावायचं? तुमच्या मुलाच्या गाडीवर माझा भरवसा नाही असं म्हणायचं, त्याच्या फोटोपुढे, त्याच्या बापाचा घास तोंडात असताना? मला लाज वाटली. उभ्या आयुष्यात मी गिऱ्हाइकाला तोंडावर खरं सांगत आलो, त्यापायी दोनदा मारही खाल्ला, आणि त्या दिवशी बहिणीची सात वर्षं पणाला लागलेली असताना मला लाज वाटली.

अंगणात वाझाने हळूच विचारलं, "कशी आहे रे?"

"बरी आहे," मी म्हणालो.

दोन महिने बरी चालली. मे महिन्यात विमानतळाच्या रस्त्यावर, एक सुटाबुटातला पाहुणा मागे बसलेला असताना, लाल त्रिकोण पेटला आणि गाडी बसली. ओढत माझ्या गॅरेजात आणली. मी शेवटी स्कॅनर लावला. समोरच्या मीटरवर दोन लाख बारा हजार. आतल्या संगणकाच्या पोटात चार लाख साठ हजार. बाद्रीनेही टॅक्सीच चालवली होती, आणि मीटर मागे फिरवायला त्याने बापाला विचारलेलं नसणार.

"म्हाताऱ्याचं नरडं धरतो," म्हणत वाझा खेड्याला गेला. संध्याकाळी परत आला तो हातात वाईनचा कॅन आणि द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडांच्या माळा घेऊन.

"काय झालं?"

"थडग्यावर घेऊन गेला मला. पोरगा खरंच मेलाय, जुंबेर. दगडावर चेहरा कोरलाय त्याचा. म्हातारी तिथेच बसलेली. मला म्हणाली, गाडी नीट चालते ना, माझ्या बाद्रीची आहे."

"आणि तू काय म्हणालास?"

"रेशमासारखी चालते म्हणालो. काय म्हणणार?" त्याने कॅन खाली ठेवला आणि म्हणाला, "एक बघितलंस का? मेलेल्या माणसापुढे कोणी बॉनेट उघडत नाही."

मला वाटलं, दुःखाने बोलतोय. मी मान हलवली आणि कामाला लागलो.

नवी बॅटरी परवडणारी नव्हती. ठोकलेल्या गाड्यांच्या बॅटऱ्यांतले बरे तुकडे वेचून मी ठिगळ लावलं. "दोन महिने जाईल," मी सांगितलं, "नशीब जोरावर असेल तर तीन. वरच्या वर्गाचं भाडं विसर." तिकडे लामाराने तिकीट काढलं होतं. म्हातारीच्या मुलीला सांगून टाकलं होतं की दुसरी बाई बघ. वाझा तिला रोज फोनवर सांगत होता, गाडी झकास, तू फक्त ये. तिला खरं कळलं असतं तर तिने तिकीट फाडलं असतं आणि आणखी दोन वर्षं ती कूस बदलत बसली असती. ते मला माहीत होतं. म्हणून गाडी ऑगस्टच्या आत विकायची आणि त्या पैशात दुसरी साधी घ्यायची असं त्याने ठरवलं, तेव्हा मी गप्प बसलो. मी फार छान गप्प बसतो.

जूनच्या शेवटी त्याने दाढी वाढवलेली दिसली.

"एवढ्या उन्हाळ्यात दाढी?"

"कंटाळा आला," तो म्हणाला. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की पुरुष चाळीस दिवस दाढी करत नाहीत. माझ्या टाळक्यात तेव्हाच प्रकाश पडायला हवा होता.

जुलैच्या मध्यावर एका रविवारी त्याने मला बोलावलं. "गिऱ्हाईक येतंय. तू नुसता बस. 'बॅटरी मीच बघितली' एवढं सांग, बाकी मी बोलतो." जुलैत तिबिलिसी रिकामी होते, त्याच्या चाळीतले शेजारी आपापल्या गावी गेलेले. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि समोर टेबल. पाव, चीज, राजमा, वाईन. आणि कपाटावर माझी बहीण. मावसभावाच्या लग्नातला फोटो, त्यात ती हसते आहे. कोपऱ्यात काळी फीत.

"वाझा," मी म्हणालो, "हे काय आहे?"

त्याने उत्तर द्यायच्या आत दारात पावलं वाजली. साठीच्या घरातली एक बाई आणि तिचा चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. बाईचं नाव एतेरी, शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगा गोचा, त्याला टॅक्सी चालवायची होती. एतेरीने आधी फोटो बघितला, मग वाझाची दाढी, आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

"कधी हो?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

"तीन आठवडे झाले. तिकडेच, इटलीत. चाळिसावा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी येतो."

तारीख मागितली नव्हती कोणी, पण खोटं बोलणाऱ्याची जीभ सैल असते.

जेवायला बसलो. वाझा पेला घेऊन उभा राहिला आणि बोलायला लागला. काय बोलला! म्हणाला, सात वर्षं तिने परक्या आईला हातांवर उचललं, म्हणून आमच्या डोक्यावर छप्पर राहिलं. फोनवर नेहमी म्हणायची, मी मजेत आहे. आणि मी, गाढव, ते खरं मानत राहिलो. तिने पाठवलेला कोट मी दोन हिवाळे घातला आणि तिला एकदाही विचारलं नाही की तुला थंडी वाजते का. बोलता बोलता त्याला खरंच हुंदका आला. ते सगळं खरं होतं हो, ती मेली एवढंच खोटं होतं.

गोचा जरा धीट. "काका, माझ्या मित्राने यंत्र दिलंय, गाडीला एकदा लावून—"

एतेरीने टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. "गप. जेव आधी." मग माझ्याकडे वळली. "तुम्ही त्यांचे कोण?"

"भाऊ," मी म्हणालो.

"तुमची इडापिडा मला लागो," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. पाव भाजून भाजून खरखरीत झालेला हात. मी पाव घेतला, त्यावर माझ्या जिवंत बहिणीसाठी वाईन सांडली, आणि प्यायलो. फोटोकडे बघितलं नाही. एतेरीला वाटलं, दुःखाने.

गाडी गेली. दार लागल्यावर मी वाझाची कॉलर धरली. "माझ्या बहिणीला मारलंस तू."

"तिला घरी आणायचंय मला," तो म्हणाला. "सोड. म्हाताऱ्याकडे खरा मेलेला पोरगा होता. आपल्याकडे कोण होतं?"

मी सोडलं. आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही, मग बोलायला लागलो. माझा राग तेवढाच टिकतो, त्या बॅटरीसारखा.

ऑगस्टमध्ये शुक्रवारी लामारा आली. केस पांढरे, एक खांदा खाली उतरलेला. वाझाने सकाळीच दाढी केली होती, गाल मुळ्यासारखे पांढरे पडलेले. फोटोची फीत निघाली होती. "गाडी विकली," त्याने सांगितलं, "मोठ्या गाडीला खर्च फार. त्या पैशात लहान घेतलीय, पुरते." ती त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "विकलीस? बरं." दमलेल्या माणसाचं बरं. मग तिने सगळ्या खिडक्या उघडल्या, पडदे धुतले, आणि रविवारी तिच्या हातचं जेवायला मला बोलावलं.

तिने पाव कापायला घेतला आणि बेल वाजली. "मी बघते," ती म्हणाली. आपल्या घराचं दार उघडायची तिला हौस आली होती. वाझाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनाही त्याच क्षणी वार आठवला. महिन्याचा पहिला रविवार.

दारात एतेरी होती. काळा रुमाल बांधलेला, एका हातात मध-मनुका घालून शिजवलेल्या गव्हांचा वाडगा, दुसऱ्या हातात पांढरी फुलं. लामाराला फुलं मोजताना मी बघितलं. आम्ही सगळेच मोजतो. जिवंत माणसाला विषम, मेलेल्याला सम. ती सहा होती.

एतेरी तिच्या चेहऱ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही त्यांच्या बहीण का? फोटोत अगदी अशाच दिसतात."

"कोणाच्या?" लामाराने विचारलं.

"गेलेल्या बाईंच्या. आज चाळिसावा ना. मी गाडी घेतली इथून, त्यांच्या हातचं नाही पण त्यांच्या टेबलावरचं जेवले. म्हटलं, जाऊन यावं."

लामारा मागे वळली. वाझा उभा राहिला होता, मी बसूनच होतो. तिने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. घाईने नाही. मग फोटोकडे, जिथे फीत लावल्याची टाचणीची भोकं अजून दिसत होती. सात वर्षं परक्या घरात कामाला राहिलेल्या बाईला फार समजावून सांगावं लागत नाही.

"हो," ती म्हणाली. "मी बहीण. आत या."

तिने एतेरीला मानाच्या जागी बसवलं, वाढलं, फुलं पाण्यात ठेवली. एतेरीने त्या दिवशीचं वाझाचं सगळं भाषण तिला सांगितलं, शब्दन् शब्द. थंडीचं, कोटाचं, हातांवर उचललेल्या आईचं. "असा जीव लावणारा नवरा मी बघितला नाही, बाई. तुमच्या बहिणीचं नशीब." लामारा मान खाली घालून ऐकत होती. मग एतेरीने पेला उचलला, आणि माझ्या बहिणीने पाव घेऊन त्यावर स्वतःसाठी वाईन सांडली.

"गाडी कशी चालते?" तिने मग विचारलं.

"छान हो. गोचा दिवसभर बाहेर असतो. परवा एक लाल दिवा लागला होता, पण गेला आपोआप."

एतेरी वाडगा ठेवून गेली. लामाराने दार लावलं. "जुंबेर, तू सांग."

मी सगळं सांगितलं, कुत्र्याच्या केसांपासून. 'बरी आहे' म्हणालो तेही.

"नवी बॅटरी कितीला पडते?"

मी आकडा सांगितला.

"त्या पोराच्या गाडीत टाक. पैसे मी पाठवीन."

"लामारा," वाझा म्हणाला, "मी हे तुला घरी आणायला—"

"छान बोललास तू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यातला एक शब्द मी जिवंत असताना ऐकला नव्हता. चाळिसाव्याला आत्मा घर सोडतो ना? पाहुणी जेवून गेली, सगळं रीतीने झालं. आता मी निघते."

वाझाने तिच्या पायांना मिठी मारली. मी मध्ये पडलो, म्हटलं, अगं, मार मला, थुंक तोंडावर, पण जाऊ नकोस. तिने आम्हा दोघांना बाजूला केलं आणि उरलेला पाव फडक्यात गुंडाळून ठेवला. गुरुवारी ती बारीला परत गेली. पहिली म्हातारी दुसऱ्या बाईकडे होती, म्हणून नवी शोधावी लागली. ही पहिलीपेक्षा जड आहे म्हणतात.

बॅटरी मी टाकली. एतेरीला सांगितलं, बनवणाऱ्याकडून फुकट बदलून मिळाली, आणि तिने मला आशीर्वाद दिला. लामारा आता वाझाला फोन करत नाही, मला करते, महिन्यातून एकदा, आणि एकच विचारते, "त्या पोराची गाडी चालते ना?" चालते म्हटलं की ठेवते.

आमच्या वस्तीतल्या चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या दोन जागा आहेत, एक जिवंतांसाठी, एक मृतांसाठी. एतेरी दर शनिवारी येते आणि मृतांच्या बाजूला लामाराच्या नावाने एक लावते. मी खांबाआड थांबतो. ती गेली की जातो, तिची मेणबत्ती उचलतो आणि पलीकडे जिवंतांच्या बाजूला नेऊन लावतो. एकदा तिने वळून बघितलं तर काय सांगायचं, ते अजून मला सुचलेलं नाही.